ड्रंक अँड ड्राइव्हची केस: दंड भरला की विषय संपतो का?

विचारलेलं थोडक्यात असं आहे. धाकटा भाऊ, वय २४, खासगी कंपनीत नोकरी, पुढच्या वर्षी शिकायला परदेशी जायचा विचार. शनिवारी रात्री मित्राची बाइक घेऊन येताना नाकाबंदीत अडवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, आकडा ६८ आला. लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं, बाइक ठाण्यात आहे, कोर्टात हजर राहण्याची नोटीस हातात आहे. मित्र म्हणतात, “पहिलीच वेळ आहे, दंड भर आणि मोकळा हो.” बहिणीला जाणून घ्यायचं आहे की शिक्षा नेमकी काय होते, तुरुंगात जावं लागतं का, आणि नोकरी-व्हिसावर याचा काही परिणाम होतो का.

ताई, बरीच वर्षं मी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात ही प्रकरणं चालवतो आहे. “दंड भर आणि मोकळा हो” हा सल्ला जवळजवळ प्रत्येक पक्षकार सोबत घेऊन येतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हेल्मेट नसणं, सिग्नल तोडणं, चुकीच्या जागी गाडी लावणं, यांचा दंड मोबाइलवर भरता येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २०० मध्ये तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे आणि हे गुन्हे त्या यादीत बसतात. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्या यादीत नाही. त्यामुळे याचं चलन फाटत नाही, रस्त्यावर पैसे घेऊन सोडण्याचा अधिकार कोणत्याही पोलिसाला नाही आणि आरटीओलाही नाही. प्रकरण कोर्टातच जातं. तिथे “दंड भरणं” याचा अर्थ गुन्हा कबूल करणं. कबुली दिली की न्यायाधीश दोषी ठरवतात आणि मग दंड सांगतात. रक्कम भरून भाऊ बाहेर येईल तेव्हा त्याच्या नावावर फौजदारी गुन्ह्यातली दोषसिद्धी असेल. हे कळून कबुली देणं वेगळं आणि सिग्नलच्या दंडासारखं काहीतरी असेल असं समजून मान डोलावणं वेगळं.

आता शिक्षा. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली, किंवा चालवण्याचा प्रयत्न केला, की कलम १८५ लागतं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर पकडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता आणि न्यायाधीश तो कमीही करू शकत होते. आता रक्कम ठरलेली आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. आधी मागच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा पकडलं तरच ‘दुसरा गुन्हा’ धरत. ती मुदत काढून टाकली आहे. चोविसाव्या वर्षी दिलेली कबुली चाळिसाव्या वर्षीही मोजली जाऊ शकते.

तुरुंगाची भीती तुमच्या प्रश्नात स्पष्ट दिसते, त्याबद्दल सरळ सांगतो. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. पहिली वेळ, अपघात नाही, कोणाला इजा नाही, पोलिसांशी हुज्जत नाही, अशा प्रकरणात माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दंडावर भागतं. कधी दंडासोबत ‘कोर्ट उठेपर्यंत’ बसण्याची शिक्षा होते. पण मशीनवरचा आकडा फार मोठा असेल, गाडी वेडीवाकडी चालवल्याची नोंद असेल, मागे लहान मूल बसलेलं असेल, हवालदाराची कॉलर धरलेली असेल, तर पहिल्याच वेळी काही दिवसांची साधी कैद सुनावलेली मी पाहिली आहे. तो अधिकार न्यायाधीशांना आहे आणि माझ्या मते तो असायलाच हवा.

लायसन्सचं काय होतं, इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन वेगवेगळ्या कारवाया होतात. पहिली आरटीओत. पोलिस कलम २०६ खाली लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवतात. आरटीओने म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, आणि नंतर कलम १९ खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येतं, दुसऱ्या वेळी लायसन्सच रद्द करता येतं. दुसरी कारवाई कोर्टात. कलम २० सांगतं की कलम १८५ खाली दोषी ठरवलं तर न्यायालयाने किमान सहा महिन्यांसाठी अपात्रतेचा आदेश द्यायचा आहे. कबुलीच्या घाईत हे सहा महिने कोणाच्याच हिशेबात नसतात. कधी कोर्टाच्या आदेशात त्याचा उल्लेख राहून जातो, पण तो राहून जाईल या आशेवर निर्णय घेऊ नका.

आणि एक गोष्ट भावाला आजच सांगा. लायसन्स घेतल्यावर पोलिसांनी जी पोचपावती दिली आहे, ती दाखवून गाडी चालवता येते असं सगळे समजतात. इतर काही गुन्ह्यांत तसं असतं. कलम १८५ साठी लायसन्स जप्त झालं असेल तर ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. मोबाइलमध्ये लायसन्सची प्रत असली तरी फरक पडत नाही. अपात्रतेचा आदेश झाल्यावर तो चालवताना सापडला तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, हे वेगळंच. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करते. तेवढे दिवस रिक्षा, बस, लोकल, काहीही चालेल, पण हँडलला हात नको.

आता तो ३० चा आकडा. “दोनच पेग घेतले होते” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा हिशेब मांडून दाखवणं मला गरजेचं वाटतं. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिच्या एका लार्ज पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात ते पसरलं की रक्तातलं प्रमाण ढोबळमानाने ४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे एका लार्जमध्येच मर्यादा ओलांडली. वजन कमी असेल तर आकडा वर जातो, आणि स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच पेगला तो आणखी वर जातो. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिच्या बाटलीत ८ टक्क्यांच्या हिशेबाने ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणजे दोन लार्ज. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणारे इथेच फसतात.

उतरण्याचा वेग तर बहुतेकांना माहीतच नसतो. यकृत रक्तातला हा आकडा ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने खाली आणतं, माणसागणिक थोडं कमी-जास्त. लिंबू-पाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी, यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. एखाद्याने रात्री क्वार्टर संपवली, म्हणजे १८० मिलि, तर आकडा १२० च्या पुढे जाऊ शकतो. तिथून ३० वर यायला सहा-साडेसहा तास लागतात. रात्री एकला बैठक संपवून सकाळी सहाला गाडी काढणारा माणूस झोप झाली म्हणून स्वतःला शुद्धीवर समजतो आणि मर्यादेच्या वरच असतो. सकाळच्या पाळीचे चालक या हिशेबात सापडलेले मी पाहिले आहेत. त्यांची बाजू मांडताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी लपवून काहीच केलेलं नसतं. पण कायद्यात “रात्री प्यायलो होतो” हा बचाव नाही. दारू पिण्याचा परवाना असणं हाही नाही. परवाना महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमासाठी असतो, स्टिअरिंगसाठी नाही.

पोलिसांनी तपासणी कशी करायची याचेही नियम आहेत. भावाच्या प्रकरणात ते पाळले गेले का, हे पाहणं आपलं पहिलं काम. कलम २०३ नुसार दारू प्यायल्याचा वाजवी संशय असेल तर गणवेशातला पोलिस अधिकारी श्वासाचा नमुना मागू शकतो. मशीनमधून जी छोटी पट्टी निघते ती नीट पाहा. तिच्यावर तारीख, वेळ, मशीनचा क्रमांक, चाचणीचा क्रमांक आणि आकडा असतो, नाव आणि सही बहुधा पेनाने केलेली असते. ती वेळ आणि नोटिशीतली वेळ जुळते का? नाव त्याचंच आहे का? गाडीचा नंबर बरोबर आहे का? त्या क्रमांकाच्या मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, शेवटची कधी झाली, याचं प्रमाणपत्र मागता येतं. नुकताच घोट घेतलेला असेल, माउथवॉश वापरलेलं असेल किंवा ढेकर आलेली असेल तर तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्या अशी विनंती तिथेच करायची असते. ती केली होती का, हे भावाला विचारा. ही पट्टी उष्णतेने छापलेली असते आणि काही महिन्यांत फिकट पडते. तिची प्रत मिळाली असेल तर आजच मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा.

अटक केली असेल तर पोलिस ठाण्यातही श्वासाची चाचणी देण्याची संधी द्यावी लागते. कलम २०२ प्रमाणे अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडून द्यावं लागतं. रक्त घ्यायचं झालं, व्यक्ती स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष, तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही.

चाचणीला नकार दिला तर सुटका होते हा समज धोक्याचा आहे. नकार दिला की संशयावरून अटक करता येते, आणि कलम २०५ नुसार योग्य कारणाशिवाय दिलेला नकार फिर्यादी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट म्हणून धरता येतो. दुसऱ्या बाजूला, नुसत्या वासावर किंवा झोकांड्यांवर दोषी ठरवणं अवघड आहे. बचूभाई करियानी यांच्या १९७१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं. तोंडाला वास, अडखळती चाल, तुटक बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता हे सिद्ध होत नाही, रक्ता-लघवीची तपासणी लागते. तो निकाल आजही आम्ही वाचून दाखवतो. कलम १८५ चा पायाच मोजलेला आकडा आहे.

रक्ताच्या नमुन्याची प्रकरणं जास्त किचकट असतात. त्वचा पुसायला स्पिरिटचा बोळा वापरला का, कुपीत सोडियम फ्लोराइड घातलं होतं का, सील कोणाचं, नमुना प्रयोगशाळेत कधी पोचला, मधले दिवस तो फ्रीजमध्ये होता की टेबलाच्या खणात, हे सगळं सी.ए. रिपोर्टइतकंच, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाइतकंच, महत्त्वाचं असतं. फ्लोराइड नसेल तर नमुन्यात जंतूंमुळे अल्कोहोल तयार होऊ शकतं. एखादी कडी निसटली की चांगली प्रकरणं कोसळतात. हे मी बचावाचा वकील म्हणून सांगतो, आणि तितक्याच तळमळीने हेही सांगतो की यात दोष तपासाचा असतो. गाडीखाली आलेल्या माणसाच्या कुटुंबाला तो भोगावा लागतो.

मग भावाने लढायचं की कबुली द्यायची? कागद न पाहता कोणताही वकील याचं ठाम उत्तर देत असेल तर सावध राहा. ६८ हा आकडा मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे, मशीनच्या थोड्याफार चुकीने तो ३० खाली येणार नाही. पट्टी स्वच्छ असेल, वेळा जुळत असतील, कॅलिब्रेशन वेळेवर झालं असेल, तर खटला लढवून फारसं हाती लागेल असं मला वाटत नाही. नाव किंवा वेळ चुकली असेल, पट्टी दुसऱ्याच माणसाची लागली असेल, तर मात्र कबुली देऊ नये. पहिल्या तारखेला कबुली दिलीच पाहिजे असं बंधन नाही. वकील लावायला वेळ मागता येतो, कागदपत्रांच्या प्रती मागता येतात.

कबुलीच द्यायची ठरली तरी एक मार्ग आधी बोलून घ्यावा. अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम १९५८ खाली, आधी कोणतीही दोषसिद्धी नसलेल्याला न्यायालय समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. त्या कायद्याच्या कलम १२ नुसार असं सोडल्यास दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागू होत नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या प्रकरणांत न्यायाधीश हा लाभ सहज देत नाहीत, आणि त्यांचं कारण मला पटतं. पण वय, शिक्षण, स्वच्छ पूर्वेतिहास, कोणालाही इजा नसणं, या गोष्टी नीट अर्ज करून मांडल्या तर विचार होऊ शकतो. ही विनंती शिक्षा सुनावण्याआधी करायची असते. दंड भरल्यावर दुसऱ्या दिवशी “साहेब, ते प्रोबेशनचं काही होईल का” म्हणून येणाऱ्यांसाठी मार्ग फार अरुंद उरतो.

परदेशी जाण्याचा विचार आहे म्हणून याची दुसरी बाजूही सांगतो. खटला प्रलंबित असताना पासपोर्ट काढणं किंवा नूतनीकरण करणं अडू शकतं, कोर्टाची परवानगी आणावी लागते. त्यामुळे पुढच्या वर्षी जायचं असेल आणि पुरावा भक्कम असेल, तर दोन-तीन वर्षं खटला लांबवणं हेही नुकसानच. व्हिसाच्या अर्जात अनेक देश दोषसिद्धीच नव्हे, अटकसुद्धा झाली होती का ते विचारतात. तिथे खरं लिहायचं, सोबत निकालाची प्रमाणित प्रत जोडायची. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यातही, म्हणजे स्वतःबद्दलची माहिती भरून द्यायच्या फॉर्ममध्येही, तेच. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवण्याबद्दल सविस्तर नियम घालून दिले. किरकोळ गुन्ह्याकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, पण लपवलेली माहिती स्वतःच नोकरी जाण्याचं कारण होऊ शकते. माझ्याकडे आलेल्या मुलांचं नुकसान गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीने जास्त झालेलं आहे.

ज्यांची रोजीरोटीच गाडी चालवण्यावर आहे त्यांच्यासाठी चित्र आणखी कठोर आहे. उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र पोलिस दलाच्या एका चालकाने प्यालेल्या अवस्थेत जवानांनी भरलेला ट्रक चालवला आणि अपघात केला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली, पण मोठी हानी झाली नाही हे केवळ नशीब, ते सौम्यतेचं कारण होऊ शकत नाही, असं बजावलं.

विम्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माहीत असू द्या. चालकाने दारू प्यायलेली असेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एका महागड्या गाडीचा अपघात झाला, त्यात ना श्वासाची चाचणी झाली होती ना रक्ताची. तरीही एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. फौजदारी खटल्यात लागतो तसा मोजलेला आकडा विम्याच्या दाव्यात लागतोच असं नाही, परिस्थिती आणि वैद्यकीय कागदांवरूनही नशा सिद्ध होऊ शकते, असं न्यायालय म्हणालं. त्रयस्थ व्यक्तीला इजा झाली तर अनेक प्रकरणांत कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. अशा वसुलीत घर विकायची वेळ आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

इथवर सगळं कोणाला काही झालेलं नाही हे धरून सांगितलं. कोणाला धक्का लागला की कायद्याचं पानच बदलतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकार चालवण्याला कलम २८१, इजा झाली तर कलम १२५, आणि गंभीर दुखापत असेल तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. मृत्यू झाला तर कलम १०६(१), निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण दारू प्यायलेली असेल तर पोलिस तिथेच थांबतात असं नाही. ते कलम १०५ लावू शकतात, म्हणजे सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने कोणाचा जीव जाऊ शकतो याची जाणीव असताना ते केलं, असा आरोप, आणि दहा वर्षांपर्यंत कैद. हा गुन्हा अजामीनपात्र आहे, खटला सत्र न्यायालयात चालतो.

महाराष्ट्रात याचा पाया ॲलिस्टर परेरा प्रकरणाने घातला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर गाडी गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल सापडलं, म्हणजे तुमच्या भावाच्या आकड्याशी ताडून पाहायचं तर ११२. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाच धरून सहा महिने दिले. मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतल्या सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली दोषी ठरवून तीन वर्षं दिली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्याच वर्षी दिल्लीच्या १९९९ मधल्या बीएमडब्ल्यू प्रकरणातही, ज्यात सहा जण गेले, हेच कलम लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तेव्हापासून दारू आणि मृत्यू एकत्र आले की तपास अधिकारी आधी याच कलमाकडे पाहतो. ११२ आणि ६८ यांत फार अंतर नाही, ताई. भावाला हे आकडे शेजारी शेजारी ठेवून दाखवा.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडलं ते सगळ्यांना आठवत असेल. दोन तरुण अभियंते गेले, चालक अल्पवयीन होता, आणि रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. किल्ली टेबलावर ठेवणाऱ्या आईवडिलांनी हे वाचावं.

आणि ज्या मित्राची ती बाइक आहे, त्यालाही निरोप द्या. कलम १८८ म्हणतं की दारू पिऊन गाडी चालवायला जो चिथावणी किंवा मदत देतो त्यालाही तीच शिक्षा. समोरचा प्यायलेला आहे हे माहीत असताना किल्ली हातात दिली तर प्रश्न येऊ शकतो. सध्या त्याला आरोपी केलेलं दिसत नाही, पण बाइक सोडवायला त्यालाच यावं लागेल, कारण नोंदणी त्याच्या नावावर आहे. आरसी, चालू विमा, पीयूसी आणि स्वतःचं लायसन्स घेऊन ठाण्यात जावं. तिथे सोडली नाही तर कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, मिळते. उघड्यावर पडलेली गाडी पावसात गंजते, त्यामुळे यात दिरंगाई नको.

तारखेला जाताना भावाने नोटीस, पोचपावती, पट्टीची प्रत किंवा फोटो, आधार कार्ड, कंपनीचं ओळखपत्र आणि जामीनदार लागलाच तर त्याची कागदपत्रं सोबत ठेवावीत. न्यायालयाची वेळ सकाळची असते, पुकारा झाला आणि तो नसला तर आधी जामीनपात्र आणि नंतर अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. साधी केस इथेच बिघडते. कोर्टाच्या आवारात “दोन हजारांत सगळं मिटवतो” म्हणणारी माणसं भेटतील, त्यांना एक पैसा देऊ नका. दंड भरला तर शिक्का असलेली पावती घ्या आणि निकालाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात अर्ज करून काढून घ्या. लायसन्स परत आणायला आरटीओत, आणि पुढे व्हिसाच्या फायलीत, तीच लागणार आहे. आरटीओची सुनावणीची नोटीस वेगळी येते आणि ती लायसन्सवरच्या पत्त्यावर येते. तो जुन्या घराचा पत्ता असेल तर तिथल्या शेजाऱ्यांना आजच फोन करून ठेवा.